सप्ताहासाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताय? वॅट मोजण्याआधी पखवाज ऐका

हरिनाम सप्ताह जवळ आला की वर्गणीची वही फिरते. दरवर्षी साउंडवाल्याला भाडं देण्यापेक्षा देवळाचा स्वतःचाच सेट घेऊ, असं एखाद्या वर्षी ठरतं. शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्यासारख्या गावातून चार जण पुण्याच्या बाजारात जातात आणि दुकानात पहिला प्रश्न होतो, "किती वॅटचा देऊ?" निवड चुकते ती बहुधा याच प्रश्नापासून.

कारण कीर्तनाची गरज डीजेच्या नेमकी उलटी आहे. इथे शब्द कळला पाहिजे. मागे खांबाला टेकून बसलेल्या आजींना अभंगाचा चरण ऐकू आला नाही, तर नुसत्या दणदणाटाचा उपयोग काय? त्यात एकाच मंडपात मऊ आवाजाची वीणा, घुमणारा पखवाज आणि कशालाही न जुमानणारे टाळ. हा पेच एकट्या वारकऱ्यांचा नाही. स्पेनमधल्या फ्लामेंको मैफलीत नायलॉनच्या तारांची हळुवार गिटार असते आणि शेजारी टाळ्या व नाचणाऱ्याच्या टाचांचा कडकडाट. तिथला गिटारवादकही अ‍ॅम्प्लिफायर घेताना आवाज किती मोठा यापेक्षा किती स्वच्छ, हेच आधी बघतो.

आता वॅटचं गणित. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की तो साधारण 6 डेसिबलने घटतो. समजा, स्पीकरवर 97 डेसिबल लिहिलंय, म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर तेवढा आवाज. त्याला 100 वॅट दिले तर 1 मीटरवर 117 आणि 16 मीटरवर सुमारे 93 डेसिबल होतात. बुवांनी मध्येच टिपेला आवाज नेला तर फाटू नये म्हणून यातले 10 डेसिबल राखून ठेवले, तरी 83 उरतात. बसलेल्या श्रोत्याला एवढे भरपूर झाले. म्हणून हजार वॅटच्या मागे लागण्यापेक्षा 250 वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि जास्त डेसिबलचे दोन स्पीकर घेणं शहाणपणाचं. खोक्यावरचा पीएमपीओचा हजारांतला आकडा सरळ विसरा, आरएमएस विचारा.

भोंगा की बॉक्स?

खरी मेख इथे आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक लावतात ती घुमारा यावा म्हणून. पण पत्र्याचा भोंगा साधारण 300 हर्ट्झच्या खाली हात टेकतो. घुमारा गळून जातो, उरते ती पत्र्यावर काठी मारल्यासारखी टकटक. बिचाऱ्या मृदंगमणींनी काय वाजवलं ते त्यांच्याच गावाला कळत नाही! मंडपात 12 किंवा 15 इंची स्पीकरचे बॉक्सच हवेत. भोंगे गल्लीत सूचना पोचवायला उत्तम, आणि लांब वायरीसाठी 100 व्होल्ट लाइनचा अ‍ॅम्प्लिफायरही त्यांच्यासाठीच. तिथे सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

बॉक्स जोडतानाही एक खबरदारी घ्यायला हवी. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम होतात, चार जोडले की 2. अ‍ॅम्प्लिफायरवर किमान 4 ओहम लिहिलं असताना चार जोडले, तर ऐन काल्याच्या दिवशी तो तापून बंद पडू शकतो.

आणखी एक. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून 34 मीटरवर दुसरा स्पीकर लावला, तर तिथे बसलेल्यांना स्टेजवरचा शब्द सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पुन्हा ऐकू येतो आणि अर्थ गढूळ होतो. मंडप लांबलचक असेल तर डिलेची सोय असलेला मिक्सर घ्या.

माइक जितके जास्त उघडे, तितकी शिट्टी लवकर. कीर्तनकार, हार्मोनियम, पखवाजाला एक किंवा दोन, चाल म्हणणाऱ्या गायकांना एखाददुसरा, बस्स. टाळांना माइक देऊच नये, ते आपसूक सगळ्या माइकांत शिरतात. माइक तोंडाजवळ आणि बॉक्स माइकांच्या पुढे असले की निम्मी शिट्टी तिथेच संपते.

गावातल्या विजेचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीवरही चालणारं मॉडेल बघा. बरेच पीए अ‍ॅम्प्लिफायर 24 व्होल्टवर, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालतात. अर्थिंग नीट नसेल तर मात्र कितीही महागडा सेट घूं घूं करणारच. आणि दुकानात मोबाइलवरचं गाणं लावून सेट तपासू नका, सोबत पखवाज आणि एक गाणारा न्या.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 मध्ये आले. त्यांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. पहाटेचा काकडा त्या सवलतीतही बसत नाही, तो विनामाइकच करावा लागतो.