चुलीपासून गच्चीपर्यंत : आपल्या घरातल्या इंधनाचा हिशेब

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही बँकेतले, काहीतरी आकडेमोडीचं लिहा" असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. बँकेत चौतीस वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासली, पण स्वतःच्या घरातल्या एका खर्चाचा हिशेब मला नीट कधीच जमला नाही. तो खर्च म्हणजे जळण आणि दिवाबत्ती. गेल्या सत्तर वर्षांत हातकणंगले परिसरात तो कसा बदलत गेला, स्वस्त काय आणि महाग काय हे आपण कसं ठरवत आलो, ते आठवेल तसं मांडतो. शेवटी सोसायटीपुढच्या एका निर्णयाबद्दलही बोलायचं आहे.

माझं बालपण याच तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरात चूल आणि अंघोळीच्या पाण्याला बंब. जळण तीन वाटांनी यायचं. शेतातल्या तुरकाट्या, उसाचं पाचट आणि चिपाडं ही फुकटची. शेणी घरी थापलेल्या. पावसाळ्याआधी वखारीतून फोडलेली लाकडं मणावर विकत आणायची. रॉकेल रेशनवर, तेही मोजून, चिमणीसाठी आणि कंदिलासाठी. पुढे वातीचा स्टोव्ह आला आणि घरात पहिल्यांदा तुलना सुरू झाली. वडील म्हणायचे, रॉकेल परवडत नाही, लाकूडच बरं. तेव्हा आई धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसत म्हणाली होती, "लाकूड सस्तं पडतंय वो, पर डोळं म्हाग पडत्यात."

पुढे बँकेत व्याजदर, प्रक्रिया शुल्क, विमा हे सगळं मिळून कर्जाची खरी किंमत काढायला शिकलो. आईने ते चुलीपुढे बसून सांगितलं होतं. लाकडाचा दर वखारीत लिहिलेला असे, डोळ्यांचा दर कुठेच लिहिलेला नव्हता.

आता विजेकडे येतो. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे तिथे मागांचा खडखडाट वाढतच गेला, हे आपण सगळे जाणतो. खेड्यापाड्यांत मात्र वीज यायला बराच काळ लागला. महाराष्ट्र राज्य झालं १९६० च्या मे महिन्यात आणि त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. आमच्या गावात खांब उभे राहिले त्या दिवशी शाळेला न मागता सुट्टी झाली होती. घरात एकच बल्ब, तोही सोप्यात. स्वयंपाकघरात पुढची चार वर्षं चिमणीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, अंथरुणं हलली, आणि आपल्या घरातला दिवा कुठल्या धरणावर जळतो हे आम्हा पोरांना त्या दिवशी कळलं.

ती वीज कुणाकडून घ्यायची हा प्रश्न कधी आलाच नाही. मंडळ एकच, तार एकच, दर एकच. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन झालं. निर्मितीला महानिर्मिती, वहनाला महापारेषण आणि आपल्या दारात बिल घेऊन येणारी महावितरण. नावं बदलली तरी आपल्यापुरतं दुकान एकच राहिलं.

गॅसचं थोडं निराळं होतं. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलने 'बर्शेन' नावाने घरगुती गॅस आणला, पण आपल्याकडे तो पोचायला दोन पिढ्या गेल्या असं म्हटलं तरी चालेल. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. कुणाची खासदारांपर्यंत ओळख असेल तर त्यांच्या कोट्यातून कूपन. माझ्या लग्नानंतर सात वर्षांनी आमच्या घरी सिलिंडर आला, तेव्हा सौ. ने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. २०१४ च्या जानेवारीत सरकारने देशातल्या सुमारे ४८० जिल्ह्यांत ग्राहकाला वितरक किंवा कंपनी बदलण्याची मुभा दिली. एका वितरकाकडे सिलिंडरसाठी फार दिवस लागत होते म्हणून मीही तेव्हा तक्ता काढून बसलो. पाहतो तर तिन्ही सरकारी कंपन्यांचा घरगुती दर जवळपास सारखाच. म्हणजे निवड दराची नव्हतीच, सेवेची होती. सिलिंडर किती दिवसांत येतो, वजन करून देतात का, तक्रार केली तर फोन उचलतात का, एवढंच पाहायचं होतं. मी बदल केला आणि तो निर्णय बरोबर ठरला.

वीज विकणारे दोन असले तर काय होतं, हे पाहायला मात्र मुंबईला जावं लागतं. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तिकडे उपनगरात स्थायिक झाला. मुंबईचा विजेचा नकाशा जुना आणि गुंतागुंतीचा आहे. शहरात बेस्ट, ती १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या ताब्यात आली. उपनगरांत १९२९ पासूनची बीएसईएस, ती पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानींकडे गेली. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. आणि घाटातल्या पाण्यावर वीज करणारी टाटा, जिचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं.

२००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात एकापेक्षा जास्त वितरण परवान्यांची वाट मोकळी केली. टाटांनी घरगुती ग्राहकांना थेट वीज विकावी की नाही यावर बराच काळ वाद चालला. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. पण प्रत्येक गल्लीत दुसरी तार टाकायची कुणी? ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने तोड काढली. तार जुन्याच कंपनीची वापरायची, तिचं भाडं द्यायचं आणि वीज मात्र दुसऱ्याकडून घ्यायची. या तारेच्या भाड्यालाच आपल्या बिलात 'वहन आकार' म्हणतात. बेस्टच्या हद्दीत ही मुभा नव्हती, उपनगरांत होती.

भावाने मला फोन केला. "दादा, दोन्हींचे दर पाठवतो, तू बघून सांग." मी पाहिलं. युनिटचा दर टाटांचा कमी दिसला. मी म्हणालो, "बदलून टाक." त्याने अर्ज केला, सुरुवातीला बिल कमी आलं, आणि मी दोन वर्षं घरात फुशारकी मारली. मग २०११ साली आयोगाने तार न बदलता कंपनी बदललेल्या ग्राहकांवर 'क्रॉस सबसिडी अधिभार' लावला. बिलात एक नवी ओळ आली आणि फरक आटला. भाऊ मला काही बोलला नाही, पण चूक माझी होती. मी एकाच रकान्यातला आकडा पाहिला होता. बाकीचे रकाने पुढे बदलू शकतात, हे मी धरलंच नव्हतं.

तो अधिभार का, हे मी नंतर समजून घेतलं आणि मग मला त्याचा राग राहिला नाही. आपल्याकडे विजेचे दर असे बांधलेले आहेत की जास्त वापरणारा आणि व्यापारी ग्राहक थोडं जास्त देतो, म्हणून कमी वापरणाऱ्याला थोडं कमी पडतं. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. आता जास्त देणारे ग्राहकच स्वस्त दुकानात निघून गेले तर मागे राहिलेल्या गरीब ग्राहकांचा भार कोण उचलणार? २०२३ च्या जानेवारीत वीज कर्मचारी संपावर गेले होते, आठवत असेल. नवी मुंबई-ठाणे भागात खासगी कंपनीने समांतर परवाना मागितला होता आणि त्यांचा मुद्दा हाच होता की चांगले ग्राहक जातील आणि तोट्याचे आपल्याकडे राहतील. सरकारच्या आश्वासनानंतर संप त्याच दिवशी मिटला, पण प्रश्न अजून उभा आहे.

मग "आपण सहकारवाले, आपणच वीजसंस्था काढू" असं कुणी म्हणेल. तोही प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. नगर जिल्ह्यात श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था चार दशकं चालली. घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना वाटायची. पण घेतलेल्या विजेचे पैसे पुरते फिटेनात, थकबाकी वाढत गेली आणि २०११ साली तिथलं वितरण महावितरणकडे गेलं. बँकवाला म्हणून एवढंच सांगतो, सहकार म्हणजे वसुली. ती जमली तर बाकीचं जमतं.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. आपण राहायला आलो आणि चार-पाच वर्षांत भारनियमनाचे दिवस सुरू झाले. तरुण सभासदांना ते आठवणारही नाहीत. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक आपण जिन्यात लावत होतो. बोअरची मोटर बंद, वरच्या टाकीत पाणी नाही, तिसऱ्या मजल्यावर कळश्या. २००६ च्या वार्षिक सभेत एका सभासदाने सूचना मांडली की सगळ्यांनी वर्गणी काढून मोटर आणि जिन्यासाठी एक जनरेटर घ्यावा. मी तेव्हा खजिनदार होतो. डिझेलचा खर्च मांडून मी ती सूचना हाणून पाडली. माझा आकडा चुकीचा नव्हता. पण मग झालं काय? ज्यांना जमलं त्या नऊ घरांनी आपापले इन्व्हर्टर घेतले, त्यात मीही होतो. उरलेल्या घरांत मेणबत्त्या. आमच्या समोरच्या घरातली मुलगी त्या वर्षी दहावीला होती. ती रात्री जिन्यात, आमच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पुस्तक घेऊन बसलेली मला दिसली. सौ. ने तिला आत बोलावलं आणि परीक्षेपर्यंत ती आमच्याच टेबलावर अभ्यास करत होती. नऊ बॅटऱ्यांवर आणि दर तीन-चार वर्षांनी त्या बदलण्यावर आपण मिळून जे खर्च केलं, ते नंतर एकदा मांडून पाहिलं. जनरेटर त्यापेक्षा महाग पडला नसता. आईचं वाक्य मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

हे सगळं आज सांगण्याचं कारण म्हणजे गच्चीवरच्या सौरऊर्जेचा प्रस्ताव. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. एकट्या घराला १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. गृहनिर्माण संस्थेला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरा, पावसाळ्यात कमी. म्हणजे ५ किलोवॅटला महिन्याला साधारण ६०० युनिट. मोटर आणि जिन्याच्या सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा आणि या आकड्याशेजारी ठेवा.

आणि माझ्यासारखी एकाच रकान्याची चूक करू नका. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो. बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर सौरसंचही बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये. पॅनेल धुवायला पाणी आणि माणूस लागतो. विक्रेत्यांकडून किमान तीन दरपत्रकं मागवा, आणि दराबरोबर देखभाल कोण करणार, गच्चीला गळती लागली तर जबाबदारी कुणाची, हे लेखी घ्या. वरच्या मजल्यावरच्या मंडळींची गळतीची भीती रास्त आहे, तिची चेष्टा करू नये.

पण एक विनंती. ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपापलं पॅनेल बसवून गच्ची अडवायची आणि बाकीच्यांनी पाहत राहायचं, असं पुन्हा होऊ देऊ नका. गच्ची सगळ्यांची आहे. आधी सामाईक संच, मग उरलेल्या जागेची वाटणी ठरावाने.

पॅनेलची वॉरंटी साधारण पंचवीस वर्षांची असते. म्हणजे आज बसवलेलं पॅनेल आपल्या सुवर्णमहोत्सवापर्यंत चालेल. त्या स्मरणिकेत हिशेब लिहायला मी नसेन. समोरच्या घरातली ती दहावीची मुलगी आज शिक्षिका आहे आणि आपल्याच सोसायटीची सभासद. तिला लिहायला सांगा. अंधाराचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.