ऑपेरा हाऊस: बसस्टॉपमागची इमारत

कोसबाडच्या टेकडीवर वाढलेल्या माझ्यासारख्या पोराला 'ऑपेरा हाऊस' म्हणजे मुंबईतला एक बसस्टॉप, एवढंच ठाऊक होतं. घोलवडहून गाडीने मुंबई गाठायची आणि बस पकडून गिरगावात काकांकडे जायचं. काका बजावायचे, "ऑपेरा हाऊसला उतर, पुढे जाऊ नकोस." मी उतरायचो. समोर कुलूपबंद, काळवंडलेली एक इमारत होती. तिचा आणि स्टॉपच्या नावाचा काही संबंध असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईतच आलो आणि एका शनिवारी या इमारतीच्या मागे लागलो.

कल्पना १९०८ ची. कलकत्त्याचा नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीत असलेले जहांगीर फ्रामजी कराका, हे दोघे तिचे जनक. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज भारतात आला, त्याच्या हस्ते उद्घाटन उरकलं. गंमत म्हणजे तेव्हा बांधकाम चालूच होतं! इमारत पुरी झाली १९१२ मध्ये, आणि त्यानंतरही भर पडत राहिली. तारीख गाठायला अर्धवट माल रिलीज करायची पद्धत आपल्या धंद्याने शोधलेली नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. :)

वास्तूची शैली युरोपातली बरोक, म्हणजे नक्षी, वळणं आणि डामडौल. त्यात भारतीय तपशील मिसळलेले. आत घुमटाकार छत आहे. त्याचे आठ भाग करून प्रत्येकात कवी-नाटककारांना मानवंदना दिली आहे. छताची रचना अशी की अगदी वरच्या गॅलरीत बसलेल्यालाही प्रत्येक शब्द आणि सूर ऐकू यावा. माइक नसलेल्या त्या काळात हे किती मोलाचं असेल, विचार करा.

ऑपेरासाठी बांधलेल्या या रंगमंचावर नंतर आपली माणसं आली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले. पृथ्वीराज कपूरांची नाटकं इथे झाली. पण तोवर धंद्याचं गणित बदललं होतं. १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सने जागा घेतली आणि तिचं सिनेमागृह झालं. त्या बदलात जुन्या बॉक्सेस गेल्या. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ती विकत घेतली. मग घरोघरी टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि १९९३ मध्ये पडदा कायमचा पडला असंच वाटलं. मी स्टॉपवर उतरायचो ते याच काळात.

गोंडलच्या राजघराण्याने आभा नारायण लांबा यांच्याकडे जीर्णोद्धाराचं काम दिलं. जुन्या छायाचित्रांच्या आधारे हरवलेल्या गोष्टी पुन्हा घडवल्या गेल्या. म्हणजे बॅकअप नाही, फक्त स्क्रीनशॉट, आणि त्यावरून सिस्टिम उभी करायची! ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं उघडली. २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

तिथे पहिल्यांदा बाल्कनीत बसलो, तेव्हा कोसबाड आठवलं. आमच्याकडे तारपा वाजायला लागला की वादक मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती. तिकीट नाही, बॉक्स नाही, पुढची-मागची रांगही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडला आल्या, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. इमारत नंतर, माणसं आधी. ऑपेरा हाऊसचं नेमकं उलटं. तिथे इमारत आधी उभी राहिली, आणि कुणी कुठे बसायचं ते तिनेच ठरवलं.

दोन्हींत मला डावं-उजवं करायचं नाही. पण तारपा थांबला तर अंगण तिथेच राहतं, दुसऱ्या दिवशी तिथे भात वाळत घालता येतो. माणसं यायची थांबली की नाट्यगृहाचं मात्र २३ वर्षं खंडर होतं. प्लास्टर, रंग, बॉक्सेस परत आणता येतात. प्रेक्षक दर आठवड्याला नव्यानेच यावा लागतो.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी ऑपेरा हाऊसला उतरलात, तर एकदा तिकीट काढून आत जा. नुसतं बाहेरून फोटो काढून ही इमारत टिकणार नाही.