शेणाचा हिशेब

१८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी इंदापूर तालुक्यात जमीन मोजायला उतरले. आधी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेल्या मोजणीने बसवलेला सारा रयतेला पेलला नव्हता आणि गावे ओस पडू लागली होती. या दोघांनी मातीची खोली आणि पोत पाहून जमिनीच्या प्रती ठरवल्या, शेताशेताला नंबर दिला आणि ३० वर्षांसाठी सारा बांधून दिला. मुंबई इलाख्यात पुढे सगळीकडे गेलेली मोजणीची पद्धत इथे, इंदापुरात रांगायला लागली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘सर्वे नंबर’ असतो, त्याची नाळ या मोजणीशी जुळते.

प्रतवारी मातीची झाली. त्या मातीतून दरसाल किती बाहेर जाते आणि किती परत येते, हा हिशेब साहेबाच्या दप्तरात नव्हता. तो ठेवणारी माणसे लिहिणारी नव्हती. उकिरडा, गोठा आणि चूल या तीन ठिकाणांमध्ये तो रोज मांडला जाई आणि रोज मोडला जाई.

बारामती आणि इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. नद्यांच्या काठाला खोल काळी माती आणि मध्ये मुरमाड माळ. मोरगाव, सुपे, लोणी भापकर ही बारामतीची जिरायत बाजू. माळावर खरिपाची बाजरी, काळ्या रानात रब्बीची ज्वारी. बाजरीच्या रानात तूर, मटकी, हुलगा मिसळलेला असे. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी. करडईच्या काट्यांना जनावर तोंड लावत नाही, म्हणजे कुंपणही झाले आणि घाण्याला तेलबीही. पावसाने एक पीक खाल्ले तर दुसरे हाताला लागावे, एवढाच त्यातला विचार. ‘जैवविविधता’ हा शब्द तेव्हा कुणाला सांगितला असता तर त्याने आधी साऱ्यात सूट मिळेल का ते विचारले असते.

ज्वारीचे ताट घ्या. दाणे माणसाला, कडबा जनावराला, जनावराने टाकलेले चिपाड चुलीला, रानात उरलेली धसकटे वेचून तीही चुलीला. बाजरीचे सरमाड वैरणीला आणि छपराला. तुराट्यांचे कूड आणि कणग्या. कणगीला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप. जास्तीचे धान्य पेवात, जमिनीखाली. घराच्या भिंती कच्च्या भेंड्यांच्या, वर धाब्यावर गावठाणाची पांढरी माती, आणि ही माती दर उन्हाळ्यात नव्याने ओढायची. कारण पहिल्या वळवात धाबे गळले तर पेवाबाहेरचे धान्य भिजणार. जुने लुगडे वाकळीत जाई, वाकळ विरली की तिच्या चिंध्यांची चुंबळ होई. भांडी राखेने घासायची, दात राखुंडीने, आणि मोरीचे पाणी परसातल्या अळूला. पोत्याची खोळ करून पावसात बाहेर पडायचे.

या सगळ्या साखळीत एक गाठ मात्र कधी नीट सुटली नाही. शेण शेतात घालायचे की चुलीत? बाभळीचा सरपणाचा ढीग असेल त्याच घरात शेण उकिरड्यावर पडे. नाहीतर बायका पहाटे गोवऱ्या थापत आणि मातीचे खत धुरावाटे जाई. जॉन व्होल्कर हा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानभर हिंडून आला आणि १८९३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानी शेतकरी अडाणी म्हणून शेण जाळतो, हा साहेबी समज त्याने खोडला: लाकूड मिळत नाही म्हणून शेण जळते, सरपणाची राने राखा, मग शेण आपोआप शेतात जाईल. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुल्यांनी याच दुखण्याचे दुसरे टोक धरले होते. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने घशात घातल्यावर रयतेने जनावरे चारायची कुठे, हा त्यांचा सवाल होता. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून सरकारने ताली-बांध घालावेत, असेही त्यांनी त्यात सुचवले आहे.

बाभूळ हे या मुलखाचे खरे झाड. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके तिच्या लाकडाची, शेंगा शेळ्या-मेंढ्यांना, काट्या कुंपणाला, साल कातडे कमावायला. त्या कातड्याची मोट. विहिरीवर मोट चालली की बैल, नाडा, सोंदूर आणि मोटकऱ्याचे गाणे; दिवसभर ओढून जेवढे पाणी निघे तेवढ्यात मूठभर बागायत भिजे. विहिरीला पाणी मुरायला रात्रभर उसंत मिळे. उपशाची मर्यादा कायद्याने घातलेली नव्हती, ती बैलाच्या दमाने घातलेली होती.

इथे जरा थांबायला हवे. जुन्या गावगाड्यात काही वाया जात नव्हते, असे हल्ली मोठ्या कौतुकाने लिहिले जाते. पण मेलेले बैल ओढून नेणे महारांच्या माथी होते, कातडे कमावणे ढोरांच्या, मोट शिवणे चांभारांच्या, नाडे-दोर वळणे मांगांच्या. मोबदला खळ्यावर मिळणारे बलुते, आणि ज्या विहिरीवर ती मोट चाले तिचे पाणी त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या हाताने घेता येत नसे. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली १९५८ मध्ये. त्या काळच्या काटकसरीची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नव्हती.

काटकसरीने कुणाचे कर्जही फिटले नाही. ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६६-६७ पासून इंदापूर-भीमथडीकडे सारा वाढला. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते आणि सावकाराची वही फुगतच होती. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि खतावण्या, रोखे ओढून काढले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात गेलेला उठाव बारामती तालुक्यातल्या या गावात पेटला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. दंग्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस गेला.

त्या दुष्काळाने कालवा आणला. भुकेल्या माणसांना काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. वर भाटघरला धरण झाले. आता रयत पाण्यावर तुटून पडेल असा इंजिनिअरांचा अंदाज होता. रयत पडली नाही. बऱ्या पावसाच्या वर्षी काळ्या रानातली ज्वारी फुकटच्या ओलीवर येत होती, मग पाणीपट्टी कशाला? बुडत्या पिकापुरते पाणी दुष्काळात मागायचे, एरवी पाटाकडे पाहायचेही नाही. सरकारने याला रयतेचा आळस म्हटले. वहीच्या बाजूने पाहिले तर तो सरळ नफ्या-तोट्याचा निर्णय होता, कारण पाणी परवडायचे तर ऊस लावायला हवा, आणि उसाला गाड्यांवर गाड्या शेणखत. तेवढी जनावरे होती कुणाकडे?

चित्र पालटले ते १८९६ ते १९०० मधल्या दोन मोठ्या दुष्काळांनंतर. सासवडकडचे माळी कालव्यावर आले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, पेंड विकत आणून घातली. गुऱ्हाळे उभी राहिली, बारामतीचा गूळ बाजारात नाव काढू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात कार्यकारी अभियंता असलेल्या विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली. एकाच गावाने पाणी ओढून घेऊ नये, ऊस ठरावीक ब्लॉकातच आणि तोही ब्लॉकाच्या काही भागातच असावा, उरलेल्यात हलकी पिके घ्यावीत, असा तिचा कणा होता. कल्पना चांगली होती. ऊस मात्र ब्लॉकात मावणारा नव्हता.

मग मीठ वर आले. खोल काळ्या रानात पाणी मुरत राहिले, निचरा नव्हता, आणि काही वर्षांतच कडेच्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. शेतकऱ्यांनी त्यांना चोपण म्हणायला सुरुवात केली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. चर काढा, जमीन धुऊन काढा, पाणी बेताने द्या, हे उपाय तेव्हापासून सांगितले जात आहेत. पाणी बेताने देणे हा त्यांतला सर्वांत स्वस्त उपाय होता आणि तोच कुणी केला नाही. ज्या मुलखाने मोरीचे पाणीसुद्धा अळूला घातले होते, त्याच मुलखाने पाटाचे पाणी एका पिढीत जमिनीच्या उरावर बसवले, हे या इतिहासातले सर्वांत बोचरे पान आहे. सवय स्वभावाची असती तर एवढ्या लवकर सुटली नसती.

पुढे १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर उभे राहिले, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, आणि १९८० मध्ये उजनी धरण झाले. भीमाकाठची राने धरणाच्या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते, आणि भिगवणच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

जिरायत बाजूला यातले काहीच आले नाही. तिथे पाणी अडवायची कामे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झाली. कासा या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या कामाच्या बदल्यात धान्य योजनेतून गावांनी पाझर तलाव खोदले, १९७१ मध्ये बारामतीला कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले, आणि वर्षभरात १९७२ चा दुष्काळ दारात येऊन ठेपला. सुप्याजवळच्या माळाचा ५.१४ चौरस किलोमीटरचा तुकडा १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाला, चिंकारासाठी. महसुली कागदात ज्याला पडीक म्हटले गेले, त्या गवताळ रानांत, इंदापूरच्या कडबनवाडीपर्यंत, लांडगे आणि चिंकारे अजून टिकून आहेत. वनविभाग आता तिथे पर्यटकांना सफारीला नेतो.

पर्यटक आणखी एका कारणाने येतात. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत कृषी पर्यटन केंद्र सुरू केले. मुंबई-पुण्याची मुले तिथे बैलगाडीत बसतात आणि चुलीवरची भाकरी खातात. चुलीच्या धुराने डोळे चोळत ज्यांनी आयुष्य काढले, त्या बायकांना गॅस आल्यावर चुलीची फारशी आठवण येत नाही, हेही पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवे.

जुन्या हिशेबातली एक नोंद मात्र अजून बंद झालेली नाही, ती मेंढरांची. धनगरांचे वाडे पावसाळ्यात माळावर असतात आणि दिवाळीनंतर चाऱ्यामागे बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणातही जातात. बिऱ्हाड घोड्यांवर. भीमा-नीरेच्या काठच्या या बुटक्या, काटक भीमथडी तट्टांनी एकेकाळी मराठ्यांच्या फौजा वाहिल्या, आता ती खाटा, भांडी आणि कोकरे वाहतात. वाटेत शेतकरी रानात मेंढरे बसवतो. संध्याकाळी वाघर लावली जाते, कळप रात्रभर आत बसतो, लेंडी आणि मूत जिथल्या तिथे पडते. वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही, आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते. लोकर घोंगडीला, घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ. तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा परीट धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करतात. गावच्या भक्तीत या व्यवसायाचा मान असा ठरलेला आहे.

ट्रॅक्टरने बैल घालवले, बैलांबरोबर शेणही गेले. रासायनिक खताच्या पोत्यांवर पोती टाकूनही जमीन दगडासारखी का होते, हे चोपणवाल्यांना आजोबांपासून ठाऊक आहे. त्यामुळे ऊस तुटून खोडवा ठेवायचा नसला की बागायतदार वाड्याचा ठावठिकाणा काढतो. पूर्वी पायलीने धान्य मिळे, आता बोलणी रोखीत होते: किती मेंढरे, किती रात्री, वाढे चारायला मोकळे की नाही. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव वर गेला की मेंढरांचाही जातो. धनगराच्या खिशात मोबाईल असतो, आणि मोसमात त्याची पुढच्या आठवड्याची रात्र आजच कुणीतरी बोलून ठेवलेली असते.