अभियांत्रिकी अभ्यासक्रम, विद्यापीठीय

अभियांत्रिकीच्या पदवीसाठी कोणते विषय, कोणत्या क्रमाने व किती खोलीपर्यंत शिकवावयाचे आणि प्रात्यक्षिकांना किती वाव द्यावयाचा, हे ठरविणारी योजना. अभ्यासाची मुदत ठराविक असल्याने नवा विषय घेताना जुन्यास कात्री लावावी लागते. म्हणून काय वगळावयाचे, हा या रचनेतील सर्वांत अवघड प्रश्न होय.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा आरंभ पुणे येथे १८५४ साली निघालेल्या अभियांत्रिकी वर्ग व यांत्रिक शाळेने झाला. सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा तिचा हेतू होता. साहजिकच इमारती, धरणे, कालवे व पूल यांना प्राधान्य मिळाले. १८६६ मध्ये ही संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन स्थापत्याची एल्.सी.ई. ही परीक्षा सुरू झाली. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे तीच परीक्षा उत्तीर्ण झाले होते. यांत्रिक व विद्युत् शाखा विसाव्या शतकात आल्या. मुंबईत १९३३ साली निघालेल्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागाने कापड व रसायन उद्योगांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवल्या. अशा रीतीने आधी सरकारी खाते व नंतर कारखाना यांचा ठसा अभ्यासक्रमावर उमटत गेला.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद १९४५ मध्ये स्थापन झाली व १९८७ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले. तिच्यामुळे देशभरच्या अभ्यासक्रमांत एकसारखेपणा वाढला. परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीचे १६० श्रेयांक असून ते पुढीलप्रमाणे विभागले आहेत : मानव्यविद्या व व्यवस्थापन १२, मूलभूत विज्ञाने २५, अभियांत्रिकी विज्ञाने २४, शाखेचे मुख्य विषय ४८, शाखेतील ऐच्छिक विषय १८, खुले ऐच्छिक विषय १८ आणि प्रकल्प, चर्चासत्र व कार्यानुभव १५. आठवड्यास एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. विद्यापीठात विषयवार तपशील अभ्यासमंडळ तयार करते व विद्यापरिषद त्यास संमती देते.

या एकसारखेपणामुळे पदवीस सर्वत्र मान्यता मिळते. मात्र प्रादेशिक गरजा मागे पडण्याचा संभव असतो. बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अमरावती विद्यापीठ व शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही १९८३ साली स्थापन झाल्यावर मेहकर तालुक्यातील डोणगावासारख्या गावांतील मुलांना पदवीचे शिक्षण जिल्ह्यातच मिळू लागले. या कापूस पिकविणाऱ्या मुलखातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे घरांच्या भिंती तडकतात, रस्ते खचतात आणि कालव्यांचे अस्तर उखडते. यावर खोलवरच्या स्थिर थरात रोवलेले, तळाशी रुंद केलेले काँक्रीटचे खुंट हा उपाय रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केला आहे. मृदायामिकीच्या सर्वसाधारण पाठात अशा मातीस एखादेच प्रकरण मिळते. वऱ्हाडात काम करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याचा मात्र तिच्याशी रोजचा संबंध येतो.

मुख्य विषयांचा गाभा देशभर समान ठेवून ऐच्छिक विषय व प्रकल्प यांतून स्थानिक माती, पाणी व शेतमालप्रक्रिया यांचा अभ्यास घडविणे, हा यावरचा व्यवहार्य मार्ग होय. नमुना अभ्यासक्रमातील ऐच्छिक विषय व प्रकल्पाचे मिळून ५१ श्रेयांक त्यास पुरेसा वाव देतात. त्यांचा उपयोग कसा करावयाचा, हे अभ्यासमंडळाच्या दृष्टीवर आणि शिक्षकांच्या तयारीवर अवलंबून राहते.