वेगळी चूल

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या नव्या संगणक-प्रणालीची बातमी युजनेटवर, मिनिक्स या दुसऱ्या प्रणालीच्या चर्चागटात दिली. तीच पुढे लिनक्स झाली. तिची चर्चा तिथे इतकी वाढली की मिनिक्सवाले वैतागले. १९९२ साली लिनक्सनं वेगळी चूल मांडली. मग नुसते वापरणारेही आले. 'हे बसवायचं कसं?' या प्रश्नांत प्रोग्रामरांचं बोलणं हरवू लागलं. १९९३ सालापर्यंत मदतीचा गट वेगळा, विकासाचा वेगळा झाला. कारागिरांना निवांतपणा मिळाला. पण मंडळी, मदतीच्या खोलीत जाणकार फिरकलेच नाहीत, तर नवख्यानं विचारायचं कुणाला? तिथे अधूनमधून डोकावणाऱ्या जाणत्यांवरच अशी वाटणी टिकते.