खोडदची शांतता आणि तळहातावरचा संगणक

१/ तळहाताएवढ्या ‘रास्पबेरी पाय’ संगणकावर वायफाय सुरू करताना तो जाळ्याचे नाव आणि पासवर्ड मागतोच. शिवाय विचारतो, देश कोणता? अलीकडच्या मॉडेलांत हे उत्तर मिळेपर्यंत वायफाय बंदच राहते. या साध्या प्रश्नामागचा इतिहास जुन्नर तालुक्यातील खोडदपर्यंत जातो. #थ्रेड

२/ रेडिओलहरींना सीमा ठाऊक नसतात. त्या कोणी व किती शक्तीने वापराव्यात, हे मात्र प्रत्येक देश ठरवतो. भारताने २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. हे जणू लहरींचे गायरान: सर्वांना खुले, पण मर्यादेत.

३/ गायरान आहे तशी देवराईही आहे. आंबेगावच्या पश्चिमेस आहुपे येथील देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, असा संकेत आहे. लहरींच्या जगात १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा असाच राखलेला आहे. विश्वातील हायड्रोजनचा क्षीण स्वर १४२० च्या आसपास उमटतो. म्हणून तेथे प्रक्षेपणास आंतरराष्ट्रीय मनाई आहे.

४/ हा स्वर ऐकण्याची विद्या भारतात रुजवली गोविंद स्वरूप यांनी. १९५३ मध्ये ते सिडनीला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत गेले. तेथील सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला त्यांचीच रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

५/ होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. कल्याणनंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली. मग शोध सुरू झाला तो अशा जागेचा, जेथे माणसाचा रेडिओ-गोंगाट कमी असेल.

६/ पुण्याहून नाशिककडे जाताना आंबेगावातील मंचर ओलांडले की जुन्नरचे नारायणगाव लागते. त्याच्या पूर्वेस खोडद. शहरापासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला. येथे १९९० च्या दशकात जीएमआरटी उभी राहिली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. त्यांचे संकेत केंद्राकडे येतात ते प्रकाशतंतूंच्या तारांतून.

७/ आता कथेची दुसरी शाखा. त्याच सीएसआयआरओमध्ये जॉन ओ'सलिव्हन हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ पुढे काम करू लागले. खोलीच्या भिंतींवर आदळून लहरींचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, ही बिनतारी जोडणीची मोठी अडचण होती. त्यांच्या चमूने तिच्यावर शोधलेल्या उपायाला १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले.

८/ ‘कृष्णविवरे शोधताना वायफाय सापडले’ हे वाक्य मात्र अर्धसत्य आहे. ओ'सलिव्हन यांनी १९७० च्या दशकात स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे संकेत शोधले होते. ते हाती लागले नाहीत. त्या शोधातील गणिती अनुभव पुढे उपयोगी पडला. वायफायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले आणि ते अनेक संस्थांच्या श्रमांचे फळ होते.

९/ २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायला वायफायसाठी वेगळे उपकरण जोडावे लागे. २०१६ च्या ‘पाय ३’मध्ये ते पटलावरच आले. आकाश ऐकणाऱ्यांचे ज्ञान ज्या तंत्रात मिसळले आहे, ते असे तळहातावर येऊन बसले.

१०/ पण खोडदला हे अपत्य जपूनच सांभाळावे लागते. वायफायचे गायरान २.४ गिगाहर्ट्झला, तर जीएमआरटीचे कान सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच. मग बाधा कशाची? संगणकाच्या स्वतःच्या ठोक्यांची. पहिल्या पायचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झवर चालत असे, म्हणजे थेट दुर्बिणीच्या श्रवणकक्षेत. वायफाय बंद केले तरी असा गोंगाट थांबत नाही. त्यासाठी यंत्राला धातूच्या कवचात ठेवावे लागते.

११/ राखीव पट्टा अवघा २७ मेगाहर्ट्झचा. दुर्बीण ऐकते त्याहून कितीतरी अधिक. या उरलेल्या शांततेचा बराचसा भार परिसरातील माणसांच्या समजुतीवर आहे. देवराई केवळ नियमाने टिकली नाही. गावाने ती आपली मानली, म्हणून टिकली. खोडदच्या शांततेलाही तोच आधार हवा.