बबून : एकच नमुना उभा राहिलेले प्रशिक्षण विमान

पहिल्या महायुद्धातील विमाने म्हटली की सॉपविथ कॅमल किंवा फोकर आठवतात. पण ती चालवणारे तरुण आधी साध्या, संथ विमानांवर शिकत, आणि शिकताना ती मोडत. शत्रूचे विमान दृष्टीसही न पडता ब्रिटनमधील प्रशिक्षण मैदानांवरच असंख्य तरुणांचे प्राण गेले.

१९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी गॉस्पोर्ट येथे शिकवण्याची पद्धत बदलली : शिक्षक व विद्यार्थी दोघांकडे नियंत्रणे, बोलण्यासाठी नळी, आणि धोक्याची स्थिती टाळण्याऐवजी तिच्यातून बाहेर पडण्याचा सराव. मोडलेली विमाने झटपट उभी कशी करायची, हा प्रश्न मात्र उरलाच.

त्याला एक उत्तर डच रचनाकार फ्रेडरिक कूलहोवेन याने दिले. तो तेव्हा 'ब्रिटिश एरिअल ट्रान्सपोर्ट' अर्थात बॅट या कंपनीत होता. कंपनीमागचे भांडवल सॅम्युएल वेअरिंग या फर्निचर व्यावसायिकाचे. विमाने लाकूड आणि कापडाचीच होती, तेव्हा हे वाटते तितके विचित्र नव्हे!

कूलहोवेनच्या एफ. के. २४ 'बबून' या बायप्लेनमध्ये, म्हणजे एकावर एक पंख असलेल्या विमानात, डाव्या-उजव्या बाजूचे भाग परस्परांच्या जागी बसत. एरवी प्रत्येक बाजूचा वेगळा सुटा भाग साठवावा लागे. येथे एकच भाग दोन्हीकडे चाले. कल्पना निःसंशय शहाणपणाची होती.

सहा विमानांची मागणी नोंदली गेली. जुलै १९१८ मध्ये पहिले उडाले. तेच शेवटचे ठरले.

कारण मैदानात ॲव्ह्रो ५०४ आधीच हजारोंच्या संख्येने होते. त्याच्या 'के' आवृत्तीतही अदलाबदलीचीच युक्ती होती, पण इंजिनाची : क्लर्जे, ल रोन, मोनोसुपाप यांपैकी जे हाती येईल ते त्यात बसे. युद्धकाळात खरा तुटवडा इंजिनांचा होता. बबून मात्र १७० अश्वशक्तीच्या एबीसी वॉस्प या नव्या इंजिनावर अवलंबून होते. विचार तोच, ॲव्ह्रोने तो योग्य जागी वापरला, असेच म्हणावे लागते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला आणि नव्या प्रशिक्षण विमानाची निकडच संपली. १९१९ च्या जुलैत ख्रिस्तोफर ड्रेपर याने याच एकट्या बबूनवर हेंडनची शर्यत जिंकली.

कूलहोवेन पुढे मायदेशी परतला. १९३५ मध्ये त्याचे एफ. के. ५१ हे प्रशिक्षण बायप्लेन उडाले. त्याचे मात्र उत्पादन झाले.